अज्ञानाचा पालनकर्ता

आमच्या घरात 'उद्या' या एका अर्थाला तीन शब्द आहेत. मी 'उद्या' म्हणतो. माझ्या आईच्या बोलण्यात तिच्या आजीपासून आलेले कोंकणीचे चार शब्द अद्याप शिल्लक आहेत, त्यामुळे ती कधी कधी 'फाल्यां' म्हणते. आणि ग्वाल्हेरच्या गल्लीत व शाळेत वाढणारा माझा सहा वर्षांचा मुलगा सरळ 'कल' म्हणून मोकळा होतो. हिंदीतील या 'कल'ची गंमत अशी की, होऊन गेलेला दिवस आणि येणारा दिवस या दोहोंनाही तो पुरतो. पुढच्या क्रियापदावरून काय ते समजून घ्यावयाचे. "बाबा, कल आपण फूलबागेत गेलो होतो ना? मग कल परत जाऊ," असे त्याचे एका दमातले वाक्य असते. आम्ही मोठी माणसे त्याला हसतो आणि शब्द सुधारून देतो. परंतु अलीकडे मला असे वाटू लागले आहे की, मुलांच्या उद्याविषयी आपण बोलतो तेव्हा पुष्कळदा आपल्या कालाविषयीच बोलत असतो. मुलगा निदान क्रियापदाने तरी भेद दाखवितो. आपण तेवढाही दाखवीत नाही.

हा विचार मनात येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. जून महिन्यातील एका संध्याकाळी मी त्याला घेऊन फूलबागेजवळच्या झाशीच्या राणीच्या समाधीपाशी गेलो होतो. राणी १८५८ च्या जूनमध्ये याच शहरी लढता लढता पडली, हे ग्वाल्हेरच्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. त्याच्या शाळेच्या पुस्तकात घोड्यावर स्वार झालेल्या राणीचे चित्र आहे आणि तिच्या पाठीशी बांधलेले एक मूल आहे. समाधीकडे बराच वेळ पाहून झाल्यावर त्याने विचारले, "बाबा, त्या पाठीवरच्या मुलाचं काय झालं?" मी म्हणालो, "तो वाचला." "मग मोठा होऊन तो राजा झाला?" "नाही." "मग मोठा होऊन कोण झाला?"

मला उत्तर देता आले नाही. माझा जन्म याच शहरातला. त्या समाधीवरून मी हजारो वेळा गेलो असेन. परंतु राणी पडल्यानंतर त्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझ्या मुलाला पडला, कारण तो त्या मुलाच्या वयाचा आहे. 'मोठा होऊन तू कोण होणार?' हे जो तो त्याला विचारत असतो. तेच त्याने दामोदररावाविषयी विचारले.

त्या दिवशी मी निरुत्तर झालो याचे दुसरेही एक कारण होते. ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, चाळीस वर्षे ग्वाल्हेरच्या न्यायालयांतून वकिली करीत होते. त्यांच्या बैठकीच्या तीन भिंती कायद्याच्या पुस्तकांनी भरलेल्या असत आणि चौथ्या भिंतीला कुलदेवतेची तसबीर असे. मी बी. ए. ला संस्कृत घेतले होते. पुढे तोच विषय शिकवावा असा माझा बेत होता. आप्पा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ही अशिलं मी कोणाच्या हवाली करू?" या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून मी कायद्याच्या वर्गात नाव घातले. माझे त्यात नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. या व्यवसायाने मला भाकरी दिली, माणसे दाखविली, आणि शब्द जपून वापरण्याची सवय लावली. तथापि, पुकारा होण्याची वाट पाहत व्हरांड्यात बसलो असता कधी एखादा जुना पाठ केलेला श्लोक ओठांवर येतो, अर्ध्यावर आठवेनासा होतो, आणि मग वाटते की, ही वाट मी निवडली होती काय?

तीन वर्षांपूर्वी आप्पा अंथरुणाला खिळले. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि त्यांच्या खाटेजवळ एका जुन्या बस्त्याच्या लाल कापडाशी खेळत बसे. एका दुपारी आप्पांनी त्याच्याकडे बोट करून मला विचारले, "हा गादी चालवील ना?" मी म्हणालो, "चालवील. मी शब्द देतो." त्यांनी डोळे मिटले. चौथ्या दिवशी ते गेले.

मरणाऱ्या माणसाच्या शब्दाला कायद्यात मोठे वजन आहे. मरणाऱ्या माणसाला दिलेल्या शब्दाला मात्र काही नाही. त्याचे वजन ज्याचे त्याने पेलावयाचे असते. गेली तीन वर्षे मी ते पेलीत आहे आणि मुलाकडे पाहताना मला त्याच्या खांद्यावर काळा कोट दिसतो. नातेवाइकांना दुसरे काही दिसते. आमचे एक आप्त म्हणतात, त्याला सहावीपासूनच कोट्याच्या शिकवणीची तयारी करवून घ्या, म्हणजे इंजिनियर होईल. दुसरे म्हणतात, एवढा मोठा ग्रंथसंग्रह आहे, चालती बैठक आहे, तो वकीलच झाला पाहिजे. दोघांचे भांडण चालते, परंतु एका मुद्द्यावर दोघांचेही मतैक्य आहे: ठरवावयाचे ते आजच आणि आपणच.

फूलबागेहून परतल्यावर मी दामोदररावाची हकीकत शोधून काढली. झाशीचे गंगाधरराव नेवाळकर आणि लक्ष्मीबाई यांना १८५१ मध्ये झालेला मुलगा तीन-चार महिन्यांतच गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव मृत्युशय्येवर असता, मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्यांनी आपल्याच कुळातील पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला आणि गेलेल्या मुलाचे दामोदर हेच नाव त्याला ठेवले. कंपनी सरकारचे अधिकारी त्या प्रसंगी मुद्दाम बोलावून घेतले होते. गंगाधररावांनी खलिता लिहविला: आपण आजवर सरकारशी एकनिष्ठ राहिलो, ते ध्यानी घेऊन या मुलावर लोभ ठेवावा आणि माझ्या पत्नीने त्याची माता या नात्याने हयातभर राज्याचा कारभार पाहावा. एका दिवसाचे आयुष्य उरलेल्या बापाने मुलाच्या भविष्यासाठी जे जे करावे ते सर्व त्यांनी केले. विधी यथाशास्त्र, साक्षीदार भारदस्त, दस्तऐवज चोख. वकील म्हणून मला त्या कागदात दोष काढता येत नाही.

१८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने झाशी खालसा केली. त्याच्या निर्णयाचा सारांश असा की, दत्तक मुलगा बापाच्या खाजगी मालमत्तेचा वारस खरा, राज्याचा नव्हे. म्हणजे पिंड देण्यापुरता तो मुलगा, गादीवर बसण्यापुरता परका. राणीने अर्ज केले. जॉन लँग नावाच्या वकिलाला झाशीस बोलावून घेतले. त्या भेटीत राणी पडद्याआड बसली होती. लहानग्या दामोदराने पडदा बाजूला सारला आणि त्यामुळे आपल्याला राणीचे ओझरते दर्शन घडले, असे लँगने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. मोठी माणसे त्या मुलाच्या राज्याविषयी खल करीत होती आणि मुलगा पडद्याशी खेळत होता! हा तपशील वाचताना मला आप्पांच्या खाटेजवळचे ते लाल कापड आठवले.

लंडनपर्यंत गेलेले अर्ज निष्फळ ठरले. गंगाधररावांच्या खाजगी ठेवीपैकी सुमारे सहा लाख रुपये मुलगा सज्ञान होईपर्यंत सरकारने आपल्याकडे ठेवले. पुढे त्याच्या मुंजीसाठी त्यातील एक लाख काढावयाचे झाले, तेव्हा राणीकडून जामीन मागण्यात आले. मुलाच्या मुंजीसाठी मुलाच्याच पैशाला आईने जामीन द्यावयाचा! पुढे १८५७ चे वादळ आले आणि ती ठेवही त्याच्या हाती लागली नाही. राणी पडल्यानंतर तिच्या काही विश्वासू माणसांनी त्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन रानावनांतून सुमारे दोन वर्षे लपतछपत काढली. १८६० मध्ये त्याला इंदूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याला लहानसे निवृत्तिवेतन मिळाले. तेथेच तो शिकला, त्याचा संसार झाला, आणि १९०६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या वंशजांनी 'झाशीवाले' हे आडनाव लावले. राज्य आडनावापुरते उरले.

गंगाधररावांनी मुलाच्या नावे लिहून ठेवलेल्यापैकी काय त्याला पोहोचले? गादी पोहोचली नाही, ठेव पोहोचली नाही, खलित्यातील विनंतीही पोहोचली नाही. पोहोचली ती आईची पाठ आणि तिच्या मागे राहिलेली मूठभर माणसे. यांपैकी कशाचाही उल्लेख कोणत्याही दस्तात नव्हता.

कोणी म्हणेल, तो परक्या सत्तेचा अन्याय होता. बापाच्या दूरदृष्टीचा त्यात काय दोष? मान्य आहे. म्हणून जेथे परकी सत्ता नव्हती, शब्द देणारा अखेरपर्यंत शब्दाला जागला, अशी एक गोष्ट घेऊ. महाभारतातील दाशराजाची.

शंतनूने सत्यवतीला मागणी घातली, तेव्हा तिच्या बापाने अट घातली की, हिच्या पोटी येणारा मुलगाच राजा झाला पाहिजे. या दाशराजाकडे आपण सहसा लोभी बाप म्हणून पाहतो. मला तो काळजी करणारा बाप दिसतो. मुलगी वयस्क राजाला द्यावयाची, घरात तरुण आणि पराक्रमी सावत्र पुत्र, उद्या हिच्या मुलांचे काय? देवव्रताने येऊन आपला हक्क सोडला. एखादा साधा बाप एवढ्यावर समाधान पावला असता. परंतु दाशराजा मोठा कुशल मसुदा करणारा. तो म्हणाला, तुमचा शब्द खरा, पण तुमची मुले उद्या हक्क सांगतील, त्यांचे काय? तेव्हा देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आणि तो भीष्म झाला. करारातील एकही फट उरली नाही. आणि त्यानंतर जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. सत्यवतीचा थोरला मुलगा चित्रांगद त्याच नावाच्या गंधर्वाकडून युद्धात मारला गेला. धाकटा विचित्रवीर्य तरुणपणीच क्षयाने निपुत्रिक मेला. जिच्या मुलांसाठी हा करार झाला, तीच सत्यवती पुढे भीष्माला विनवू लागली की, प्रतिज्ञा सोड आणि वंश राख. भीष्माने नकार दिला. कराराचे अक्षर न् अक्षर पाळले गेले आणि ज्यांच्यासाठी तो केला होता ते उरले नाहीत. न जन्मलेल्या नातवंडांच्या सुखासाठी घेतलेल्या एका शपथेचे ओझे साऱ्या कुरुकुळाने वाहिले.

माझा शब्द भीष्मप्रतिज्ञेएवढा थोर नाही, हे मला कळते. परंतु त्याची जात तीच आहे. मी आज जिवंत असलेल्या एका माणसाच्या समाधानासाठी, उद्या ज्याला जगावयाचे आहे त्याच्या वतीने शब्द दिला.

आता जो कायदा मी रोज हाताळतो तो याविषयी काय म्हणतो, ते पाहू. महाराष्ट्रातील दस्तांत वयात न आलेल्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात आणि त्याच्या नावापुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे लिहून बापाचे अथवा आईचे नाव घालतात. अर्थ, अज्ञान पालनकर्ता. आमच्याकडील हिंदी कागदांत हाच 'नाबालिग' असतो आणि बाप त्याचा 'वली'. मला मराठी शब्द अधिक अर्थपूर्ण वाटतो, थोडा विनोदीही. कारण मुलाच्या भविष्यापुरते बोलावयाचे तर अज्ञान कोण आणि सज्ञान कोण, हे ठरविणे कठीण आहे. वीस वर्षांनंतरचे जग जितके त्याला अज्ञात, तितकेच मला. किंबहुना त्याची ओळख माझ्याआधी त्यालाच होणार आहे.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या आठव्या कलमात पालकाचे अधिकार सांगितले आहेत. मुलाच्या हितासाठी जे आवश्यक, योग्य आणि वाजवी असेल ते सर्व पालकास करता येते. मात्र न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाची स्थावर मिळकत विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. ती भाडेपट्ट्याने द्यावयाची तर पाच वर्षांहून अधिक मुदतीने, अथवा मूल सज्ञान झाल्यानंतर एक वर्षाच्या पुढे जाईल अशा मुदतीने देता येत नाही. हे उल्लंघून केलेला व्यवहार त्या मुलाच्या मागणीवरून रद्द होऊ शकतो. आणि या सर्वांत एक वाक्य असे आहे, जे मी विद्यार्थी असताना पाठ केले आणि ज्याचा अर्थ मला आप्पांच्या मागे कळला: पालकाला कोणत्याही परिस्थितीत मुलाला वैयक्तिक कराराने बांधून टाकता येत नाही. कोणत्याही परिस्थितीत! इतर मनाईंना न्यायालयाच्या परवानगीचा अपवाद आहे. याला तोही नाही.

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शेते, घरे आणि रोखे होते. परंतु ज्याची शेते इतकी जपावयाची, त्याचे आयुष्य कमी जपावे काय? बापाने मुलाचे चार बिघे रान त्याच्या एकोणिसाव्या वर्षापलीकडे पट्ट्याने देऊ नये, आणि तेच मूल जन्मभर काय करील हे मात्र सहाव्या वर्षी लिहून द्यावे, ही विसंगती मला सोसवेना. मूल बापाची मिळकत नाही, हे आपण सहज म्हणतो. त्याचे भविष्य ही त्याची स्वतःची मिळकत आहे आणि आपण तिचे काही वर्षांपुरते राखणदार आहोत, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

हा विचार मी एका रात्री पत्नीला मोठ्या उत्साहाने सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "मग रोज संध्याकाळी त्याला रडवून मराठी का शिकवता? त्याला विचारलं होतं का?"

या प्रश्नाने मला दोन दिवस झोप नीट लागली नाही. कारण तो बिनतोड होता. मुलाचे नाव आम्ही त्याला विचारून ठेवले नाही. त्याची मातृभाषा, त्याचा कुलधर्म, त्याच्या देवघरातील दैवत, त्याच्या ताटातील अन्न, यांपैकी काहीही त्याने निवडलेले नाही. दोन वर्षांनी त्याची मुंज होईल, तीही आम्हीच करू. मूल सज्ञान होईपर्यंत काहीच द्यावयाचे नाही असे कोणी ठरविले, तर अठराव्या वर्षी निवड करावयास त्याच्यापाशी असणार तरी काय? आणि काही विद्या तर अशा आहेत की, त्या सज्ञानतेची वाट पाहू शकत नाहीत. आमच्याच ग्वाल्हेरात शंकरराव पंडितांनी आपला मुलगा कृष्णराव याला बालपणापासून गाणे दिले. कृष्णरावांनी १९१४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, वडिलांच्या नावाने येथे गायनशाळा काढली आणि १९८९ मध्ये निधन होईपर्यंत ग्वाल्हेरच्या गायकीची ध्वजा खांद्यावर वागविली. बापाने अठरा वर्षे थांबून 'बाळ, तुला गावेसे वाटते काय?' असे विचारले असते, तर गळा गेलाच असता, आणि आपण सर्वजण एका थोर गायकास मुकलो असतो.

परंतु याच घराण्याची गोष्ट एक पिढी मागे जाऊन पाहिली, तर निराळा प्रकाश पडतो. शंकररावांचे वडील विष्णुपंत हे कीर्तनकार होते. ग्वाल्हेरच्या थोर खाँसाहेबांशी त्यांचा स्नेह जडला आणि त्यांची मुले ख्याल शिकली. शंकररावांना निसार हुसेन खाँची तालीम मिळाली. कीर्तनकाराचा मुलगा कीर्तनकारच झाला पाहिजे असा त्या बापाने आग्रह धरला असता, तर आज ज्याला आपण परंपरा म्हणून हात जोडतो ती जन्मालाच आली नसती. परंपरेच्या मुळाशी पुष्कळदा कोणीतरी बदललेली एक वाट असते आणि ती बदलू देणारा एक बाप असतो.

आपल्या समाजाला तर हे सांगावयास नको. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे गोमंतकातील पेडणे महालातल्या केरी गावचे. त्यांच्यासारखे कितीतरी लोक देवळाची घंटा, माडांची आगरे आणि मांडवीचे पाणी सोडून उत्तरेस आले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. तो तळ पुढे हललाच नाही. त्याचे शहर झाले आणि नाव मात्र लष्कर हेच राहिले. या लष्करात आमच्यासारख्यांची घरे रुजली. माझ्या ज्या पूर्वजाने गाव सोडले, त्याच्या बापाला काय वाटले असेल? कुलदेवतेच्या पायांशी राहून मुलाने आपलेच काम पुढे चालवावे, असेच ना? तो मुलगा थांबला असता, तर मी येथे नसतो. ज्याची गादी मी चालवितो म्हणून आप्पा समाधान पावले, ती गादीसुद्धा कोणीतरी दुसरी गादी सोडल्यामुळेच येथे मांडली गेली.

तेव्हा पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे सुचले. देणे वेगळे आणि बांधणे वेगळे. मराठी मी त्याला देतो. उद्या त्याने ती वापरली नाही तर मला दुःख होईल, परंतु त्याने काही मोडले असे होणार नाही. मुंजीत आपण त्याला मंत्र देतो, त्याच्या ओंजळीत काही घालतो. त्याच्याकडून काही लिहून घेत नाही. ज्या देण्याने मुलाच्या घराला एक दार अधिक होते, ते द्यावे. मूल रडले तरी द्यावे, कारण पालनकर्त्याला हितासाठी कठोर होण्याचा अधिकार आहे. परंतु जे दिल्याने उरलेली दारे बंद होतात, ते देणे नव्हे, तो करार आहे. आपण देतो आहोत की बांधतो आहोत हे ओळखण्याची एक साधी खूण मला सापडली आहे. मुलाने ते नाकारले अशी कल्पना करावी आणि स्वतःच्या मनाकडे पाहावे. दुःख झाले तर आपण दिले होते. अपमान वाटला तर आपण बांधले होते.

या खुणेने मी स्वतःला तपासले. मुलगा मराठी विसरला अशी कल्पना केली, तेव्हा गळ्याशी आवंढा आला. तो वकील झाला नाही अशी कल्पना केली, तेव्हा मनात आले ते असे: मी माझे संस्कृत सोडले, मग याला सोडावयास काय हरकत आहे? हे उत्तर ऐकून मीच दचकलो. माझ्या त्यागाची किंमत मी त्याच्याकडून वसूल करावयास निघालो होतो.

ग्वाल्हेरच्याच आणखी एका बापलेकांची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म १९२४ मध्ये या शहरी झाला. त्यांचे वडील कृष्णबिहारी हे शिक्षक. पुढे अटलजी कानपूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात कायदा शिकावयास निघाले, तेव्हा नोकरीतून निवृत्त झालेल्या वडिलांनीही त्यांच्याबरोबर त्याच वर्गात नाव घातले. बापलेक एका वर्गात बसत आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहत. वर्गात त्यांची थट्टा होई, म्हणून पुढे त्यांच्या तुकड्या वेगळ्या करण्यात आल्या. मुलगा काही वकील झाला नाही. अभ्यास अर्धवट सोडून तो पत्रकारितेत शिरला, आणि तेथून कोठवर पोहोचला ते देशाला ठाऊक आहे. मला या गोष्टीतील वडिलांचे नवल वाटते. त्यांना कायदा शिकण्याची इच्छा असेल, तर ती त्यांनी मुलावर सोपविली नाही. स्वतः बाकावर जाऊन बसले. आपली राहिलेली इच्छा आपणच पुरी करावी, हा साधा मार्ग किती थोड्या बापांना सुचतो!

राहता राहिला आप्पांना दिलेला शब्द. तो मोडला असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही आणि पाळतो म्हणावयास मन धजत नाही. येथेही मला कायद्यानेच हात दिला. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य मानले होते, आणि न्यायालये त्या आधारावर मुला-नातवंडांवर हुकूमनामे करीत आली. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासूनच्या ऋणांसाठी केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू अथवा पणतू यांच्याविरुद्ध जाता येत नाही. ज्याने ऋण काढले त्याने ते फेडावे. मी आप्पांचे समाधान विकत घेतले आणि ते मुलाच्या नावे उधार मांडले. ते ऋण माझे आहे. फेडीनही मीच.

ते मी असे फेडावयाचे ठरविले आहे. आप्पांची पुस्तके मी विकणार नाही. त्यांच्यावर धूळ बसू देणार नाही. बैठक चालती ठेवीन. मुलगा सज्ञान होईल त्या दिवशी त्याला ती दाखवीन आणि कायद्याने जेवढी मुदत दिली आहे तेवढे एक वर्ष वाट पाहीन. त्याने हात पुढे केला तर आनंद. न केला तर त्या पुस्तकांना योग्य विद्यार्थी शोधीन. अशिलांची सोय ही माझी जबाबदारी आहे, त्याची नव्हे. गेल्या श्राद्धाच्या दिवशी पिंडदान झाल्यावर मी आप्पांना मनातल्या मनात हे सांगितले. त्यांनी मला जो प्रश्न विचारला होता, त्यामागे कदाचित गादीची चिंता नसेलही. आपण गेल्यावर हे घर असेच राहील ना, एवढेच त्यांना ऐकावयाचे असेल. त्याचे उत्तर मला आजही खरेपणाने देता येते.

आणि रात्री जेवणे झाल्यावर मी कपाटातून संस्कृतचे जुने पुस्तक काढून बसू लागलो आहे. अर्ध्यावर सुटलेले श्लोक पुन्हा जुळतात. मुलगा कधी शेजारी येऊन बसतो, कधी बसत नाही.

परवा त्याने पुन्हा विचारले, "बाबा, तो पाठीवरचा मुलगा मोठा होऊन कोण झाला?" या वेळी माझ्यापाशी उत्तर होते. मी म्हणालो, "तो इंदूरला राहिला. मोठा झाला. त्याचं लग्न झालं. त्यालाही एक मुलगा झाला." त्याने क्षणभर विचार केला. त्याची या उत्तराने चांगलीच समजूत पटलेली दिसली. मग तो म्हणाला, "कल जाऊ या फूलबागेत?"

मी सवयीने विचारले, "कोणता कल?"

"येणारा," तो म्हणाला. आतून आईने हळूच दुरुस्ती केली, "फाल्यां म्हण, बाळा, फाल्यां."